जुल्मातून पळून आलेल्याला परत ढकलता येतं का?
छळ सोसून पनाह मागणाऱ्या माणसाला कायदा काय देतो, आणि तो प्रश्न आपल्या घरापर्यंत कसा येतो

रोहिंग्या, बांगलादेशी, घुसखोर, निर्वासित. गेल्या काही वर्षांत हे शब्द मोबाईलवर इतके एकत्र फिरले आहेत की आमच्या नववी-दहावीच्या मुलांना ते एकाच अर्थाचे वाटतात. एखादी बातमी आली की वर्गात दोन प्रश्न हमखास येतात. एक, "सर, त्यांना परत का पाठवत नाहीत?" आणि दुसरा, "सर, परत पाठवल्यावर तिथे त्यांना मारलं तर?" आम्हा शिक्षकांना वाटतं की दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, आणि कायद्याची सगळी मारामारी या दोन प्रश्नांमध्येच चालू असते. म्हणून आज हा विषय जरा नीट, घरातल्या सगळ्यांना समजेल असा मांडतो.

शब्द आधी वेगळे करू

आमच्या जेऊर-करमाळा भागात घर सोडावं लागणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उजनीचं पाणी चढलं तेव्हा करमाळा तालुक्यातली गावं पाण्याखाली गेली आणि माणसं उठून दुसरीकडे वसली. त्यांना आपण धरणग्रस्त किंवा विस्थापित म्हणतो. त्यांचं घर गेलं, जमीन गेली, पण देश गेला नाही. मोबदला कमी मिळाला तरी मागायला सरकार होतं, मोर्चा न्यायला कचेरी होती.

निर्वासिताची गोष्ट वेगळी. ज्या सरकारने त्याला वाचवायचं, तेच सरकार त्याच्या जिवावर उठलेलं असतं, किंवा दुसरं कुणी उठलं तर सरकार हाताची घडी घालून बसतं. म्हणून तो सरहद्द ओलांडतो. स्थलांतरित म्हणजे पोटासाठी दुसरीकडे गेलेला. आपल्या घरोघरचे दुबई-सौदीला गेलेले भाऊ-चुलते यात आले. ते मनात आलं की परत येऊ शकतात. निर्वासित येऊ शकत नाही, फरक एवढाच. घुसखोर हा शब्द मात्र माणूस का आला ते सांगत नाही. कागदाशिवाय आला, इतकंच सांगतो. जीव घेऊन पळणाऱ्याकडे बऱ्याच वेळा पासपोर्ट नसतो, कारण पासपोर्ट देणारी कचेरी त्याच सरकारची, ज्याच्यापासून तो पळतोय.

या निर्वासितांमध्ये एक गट असा, ज्यांचा प्रत्यक्ष छळ झालेला आहे. कोठडीत, छावणीत, लष्कराच्या तळावर. आजचा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

छळ म्हणजे कायद्याच्या भाषेत काय

संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९८४ रोजी छळविरोधी करार मंजूर केला. तो २६ जून १९८७ पासून लागू झाला. म्हणून २६ जून हा जगभर छळपीडितांच्या पाठिंब्याचा दिवस पाळतात. या करारात छळाची व्याख्या आहे. सोप्या शब्दांत तिचे तीन भाग पडतात. पहिला, शरीराला किंवा मनाला तीव्र वेदना मुद्दाम दिलेल्या असल्या पाहिजेत. दुसरा, त्यामागे काही हेतू असला पाहिजे: कबुली घेणं, माहिती काढणं, शिक्षा देणं, धाक बसवणं किंवा भेदभाव. तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा, की हे काम सरकारी माणसाने केलेलं असावं किंवा त्याच्या संमतीने झालेलं असावं.

मनाला दिलेल्या वेदना या व्याख्येत आहेत हे लक्षात ठेवा. बापासमोर मुलाला मारणं, रात्र-रात्र झोपू न देणं, "तुझ्या बायकोला उचलून आणू" अशी धमकी देणं, हे सगळं यात येऊ शकतं. अंगावर वळ नाहीत म्हणजे छळ झाला नाही, असं कायदा म्हणत नाही.

परत न पाठवण्याचा नियम

आपल्या घरात लहानपणापासून ऐकलेली हबशाच्या हिजरतीची गोष्ट आठवा. मक्केत कमजोर मुसलमानांवर जुल्म वाढला तेव्हा काहीजण समुद्रापार हबशाला गेले. तिथला बादशाह नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशांनी मागोमाग आपली माणसं पाठवली, सोबत नजराणे दिले आणि "आमची माणसं आमच्या हवाली करा" अशी मागणी केली. नजाशीने दोन गोष्टी केल्या. आलेल्यांना दरबारात बोलावून त्यांचं म्हणणं स्वतः ऐकलं, आणि ऐकल्यावर त्यांना परत द्यायला नकार दिला. सूरह तौबामध्येही पनाह मागणाऱ्या मुश्रिकाला पनाह द्यावी आणि नंतर त्याला सुरक्षित ठिकाणी पोहोचवावं असा हुकूम आहे. पनाह मागणारा आपल्या धर्माचा असावा, अशी अट तिथेही नाही.

आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा गाभा याच दोन गोष्टींचा आहे: आधी ऐकून घ्या, आणि धोका खरा असेल तर परत ढकलू नका.

हा नियम दोन करारांत लिहिलेला आहे. पहिला १९५१ चा निर्वासित करार. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे ज्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, त्याला तिथे परत पाठवू नये, असं त्याचं कलम ३३ म्हणतं. पण त्याला अपवाद आहे. तो माणूस आश्रय देणाऱ्या देशाच्या सुरक्षेला धोका असेल, तर हे संरक्षण त्याला मागता येत नाही.

दुसरा १९८४ चा छळविरोधी करार. त्याचं कलम ३ सांगतं की जिथे छळ होईल असं मानायला सबळ कारण आहे, तिथे कुणालाही पाठवू नये. इथे अपवाद नाही. माणूस गुन्हेगार असो, संशयित असो, कागदाशिवाय आलेला असो. कारण सरळ आहे: चोराला शिक्षा होऊ शकते, पण चोराचाही छळ करता येत नाही.

या नियमाचा सगळ्यात गाजलेला खटला एका भारतीयाचा आहे. करमजीतसिंग चहल हे ब्रिटनमध्ये राहणारे शीख गृहस्थ. १९८४ मध्ये पंजाबात आले असताना पोलिसांनी त्यांना २१ दिवस डांबून छळ केला, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे ब्रिटन सरकारने त्यांना देशाच्या सुरक्षेला धोका ठरवून भारतात पाठवायचं ठरवलं. भारत सरकारने हमी दिली की त्यांना त्रास होणार नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १५ नोव्हेंबर १९९६ रोजी १२ विरुद्ध ७ मतांनी निकाल दिला की तरीही पाठवता येणार नाही. हमी चांगल्या मनाने दिलेली असेल, पण पंजाब पोलिसांचा तेव्हाचा कारभार पाहता ती पुरेशी नाही. सहा वर्षांहून जास्त काळ अटकेत असलेले चहल त्याच दिवशी सुटले. आज युरोपात कुठल्याही देशाच्या छळपीडिताचा वकील या निकालाचा आधार घेतो.

महाराष्ट्राने पनाह दिली आहे

हे सगळं परदेशातलं वाटेल, म्हणून घरचं उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. १९४० पासून सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना घरातून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. थंडी, उपासमार, सक्तीची मजुरी. तिथून सुटलेले काही लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगरच्या महाराजांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. पण त्याहून मोठी छावणी आपल्या वळिवड्याला होती. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५००० पोलिश लोक राहिले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, दवाखाना होता, चर्च होतं.

युद्ध संपल्यावर पोलंडमध्ये रशियाच्या मर्जीतलं सरकार आलं. ज्यांनी सायबेरिया भोगला होता, त्यातल्या अनेकांना परत जायची भीती वाटत होती. असे लोक पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत वसले. १९५१ चा करार तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पोलंडची राजधानी वॉर्सा इथे कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन फुलं वाहिली.

वळिवड्याच्या त्याच जागेवर फाळणीनंतर सिंधमधून आलेले हिंदू निर्वासित वसवले गेले. ते आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरच्या कापडबाजारात गेलेली कितीतरी घरं आपल्या ओळखीची असतील. गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. म्हणजे निर्वासित वाढले की मुलूख बुडतो, असं महाराष्ट्राचा इतिहास सांगत नाही.

भारतात कायदा नाही, निकाल आहेत

आता अवघड भाग. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, पण मंजुरी दिलेली नाही. सही म्हणजे साखरपुडा आणि मंजुरी म्हणजे निकाह, असं आम्ही मुलांना सांगतो. मंजुरीशिवाय करार बांधत नाही. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, पाकिस्तान या शेजाऱ्यांनी मंजुरी दिलेली आहे. तिथला छळ त्यामुळे थांबला असं नाही, पण तिथला माणूस निदान त्या कराराकडे बोट दाखवू शकतो.

आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. परदेशी माणसाला आता २०२५ चा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू होतो. वैध कागदाशिवाय आल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोटासाठी आलेला आणि जीव वाचवायला आलेला, असा फरक या शिक्षेत केलेला नाही. सरकार आदेश काढून काही गटांना सूट देतं. नागरिकत्व सुधारणा कायदा २०१९ मध्ये पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती आहेत. या तीन देशांत हे लोक धार्मिक अल्पसंख्य आहेत, असं सरकारचं म्हणणं. ते खरंही आहे आणि त्यांना पनाह मिळालीच पाहिजे. प्रश्न उरतो तो काबूलमध्ये मार खाल्लेल्या पत्रकाराचा, हजारा तरुणाचा, म्यानमारच्या रोहिंग्या बाईचा. छळणाऱ्याने धर्म पाहिला असेल किंवा नसेल. पनाह देताना मात्र तो पाहिला जातो.

मग आधार कशाचा? संविधानाचा. कलम १९ मधले हक्क, म्हणजे बोलण्याचं, फिरण्याचं, राहण्याचं स्वातंत्र्य, नागरिकांना आहेत. पण कलम १४ आणि कलम २१ मध्ये शब्द आहे 'व्यक्ती'. कायद्यापुढे समानता आणि जगण्याचा हक्क या देशात असलेल्या प्रत्येक माणसाला आहे. या एका शब्दावर न्यायालयांनी बरंच काही उभं केलं.

१९९६ चा चकमा निकाल पाहा. चकमा लोक पूर्व पाकिस्तानातून १९६४ मध्ये भारतात आले. कप्ताई धरणात त्यांच्या जमिनी बुडाल्या होत्या आणि वर जातीय हिंसा होती. म्हणजे उजनीवाल्यांसारखेच धरणग्रस्त, पण शेवटी देशही गेलेले. अरुणाचलमध्ये त्यांना हुसकावण्याची धमकी आली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं कर्तव्य आहे.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९४ मध्ये एका इराणी माणसाचं प्रकरण आलं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने त्याला निर्वासित मानलेलं होतं. न्यायालय म्हणालं, मग त्याला इराणला पाठवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि त्याला हव्या त्या दुसऱ्या देशात जायची मुभा दिली. गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये इराकी निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्टच म्हटलं की परत न ढकलण्याचा नियम कलम २१ मध्येच सामावलेला आहे, जोवर त्या माणसापासून देशाच्या सुरक्षेला धोका नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये शिक्षा झालेल्या म्यानमारच्या निर्वासितांनाही आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे असं ठरवलं. मणिपूर उच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्करापासून पळालेल्या सात जणांना, त्यात तीन पत्रकार होते, दिल्लीला जाऊन उच्चायुक्तालयाकडे अर्ज करण्याची परवानगी दिली.

पण त्याच्या एक महिना आधी, ८ एप्रिल २०२१ रोजी, जम्मूत डांबलेल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळा सूर लावला. कलम १४ आणि २१ सर्वांना आहेत हे मान्य केलं, पण हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांना आहे, असं म्हटलं. ठरलेली कायदेशीर पद्धत पाळल्याशिवाय मात्र त्यांना पाठवू नये, असंही सांगितलं. हा अंतरिम आदेश होता. रोहिंग्या निर्वासित मानायचे की बेकायदा आलेले, हा मूळ प्रश्न न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विचारासाठी ठरवून घेतला.

थोडक्यात, इंफाळला पोहोचलेल्याला एक उत्तर मिळतं आणि जम्मूत सापडलेल्याला दुसरं. माणसाच्या जखमा सारख्याच असतात. कायदा लिहिलेला नसला की असं होतं.

जखम बोलते, जीभ अडखळते

छळ झालेल्या माणसापुढे आणखी एक भिंत असते: सिद्ध करण्याची. अधिकारी विचारतो, कोणत्या तारखेला पकडलं? किती जण होते? खोलीचा रंग कोणता? हा माणूस आज एक तारीख सांगतो, पुढच्या महिन्यात दुसरी. अधिकारी लिहितो, 'खोटं बोलतो.'

शाळेत ज्या मुलाला घरी मार बसतो, ते मूल सरळ सांगत नाही, हे आम्ही रोज पाहतो. ते गप्प होतं, विषय बदलतं, कधी हसतं. मोठ्या माणसाचंही तसंच. मार, भूक, झोपेचा अभाव आणि भीती यांनी आठवणीचे तुकडे होतात. बाईवर अत्याचार झालेला असेल तर ती परक्या पुरुष अधिकाऱ्यासमोर पहिल्या भेटीत काय सांगणार? संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने अनेक प्रकरणांत म्हटलं आहे की छळपीडिताकडून शंभर टक्के अचूक जबानीची अपेक्षा क्वचितच करता येते.

म्हणून १९९९ मध्ये डॉक्टर आणि वकिलांनी मिळून 'इस्तंबूल प्रोटोकॉल' तयार केला आणि २०२२ मध्ये तो सुधारला. छळाच्या खुणा कशा तपासाव्यात आणि अहवाल कसा लिहावा, याची ती जगमान्य पद्धत आहे. डॉक्टरने शरीराबरोबर मनही तपासायचं, आणि जखम माणसाच्या सांगण्याशी किती जुळते ते लिहायचं. 'अंगावर खूण नाही, म्हणून छळ नाही' असा निष्कर्ष काढायचा नाही, हेही त्यात आहे. छळविरोधी कराराचं कलम १४ तर पुढे जाऊन म्हणतं की पीडिताला भरपाई आणि शक्य तेवढं पुनर्वसन मिळालं पाहिजे. म्हणजे छप्पर दिलं की काम संपत नाही, उपचारही द्यायचे.

हा प्रश्न आपला कसा?

कुणी म्हणेल, सर, जेऊरला कुठे निर्वासित येतात? बरोबर आहे. पण दोन कारणांनी हा विषय आपला आहे.

पहिलं कारण पद्धतीचं. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाणे भागात काम करणारे पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून पकडले गेले आणि सीमेपलीकडे ढकलले गेले. त्यातला एक मिरा रोडला राहणारा, मूळ मुर्शिदाबादचा. पश्चिम बंगाल सरकारने आणि घरच्यांनी कागद दाखवल्यावर त्यांना परत आणावं लागलं. ते भारतीय नागरिक होते. परदेशी माणसाला 'आधी ऐकून घ्या' हा हक्क नाकारला की त्याच फटक्यात आपला माणूसही वाहून जातो, कारण तो परदेशी नाही हे ऐकायलाच कुणी थांबत नाही.

दुसरं कारण छळाचं. परभणीचा ख्वाजा युनूस हा तरुण इंजिनियर. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की नगर जिल्ह्यात पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सोबतच्या आरोपीने न्यायालयात सांगितलं की त्याला कोठडीत बेदम मारताना आपण पाहिलं. सीआयडीच्या तपासात तो पळालाच नव्हता, कोठडीत मेला, असं निघालं. मृतदेह कधीच मिळाला नाही. आईने वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. आणि हे फक्त मुसलमानांचं दुखणं नाही. त्याच परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी, आंबेडकरी तरुण, न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच्या आईलाही गुन्हा नोंदवून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं.

देशात छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेच्या निवड समितीकडे गेलं आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बाद झालं. विधी आयोगाने ऑक्टोबर २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात पुन्हा कायद्याचा मसुदा दिला आणि करार मंजूर करा असं सांगितलं. तोही पडून आहे. याचा फटका सरकारलाही बसतो. पुरुलिया शस्त्रप्रकरणातल्या आरोपीला डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये छळाच्या भीतीने भारताच्या हवाली करायला नकार दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने शस्त्रव्यवहारातल्या एका मध्यस्थाला तिहारमधल्या धोक्याचं कारण देऊन तसाच नकार दिला. म्हणजे एकच कायदा नाही म्हणून निर्वासित लटकतो, परभणीची आई रडते, आणि देशाला हवा असलेला आरोपी बाहेर मोकळा राहतो.

आपण काय करू शकतो

काही गोष्टी घरात लिहून ठेवाव्यात.

एक. कुणी परदेशी माणूस आसरा मागत आला, तर भावनेच्या भरात लपवून ठेवू नका. परदेशी माणसाला घरात ठेवलं तर २४ तासांत कळवावं लागतं. लपवल्याने त्याचाही दावा कमजोर होतो आणि तुम्हीही अडकता. त्याला जेवण द्या, डॉक्टर दाखवा आणि वकिलापर्यंत पोहोचवा. निर्वासित म्हणून नोंदणीचा अर्ज दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाकडे करता येतो. त्यांचं कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, पण न्यायालयात ते उपयोगी पडतं, हे वरच्या मुंबईच्या निकालात दिसलंच.

दोन. फुकट वकील हा हक्क आहे. महिला, मुलं आणि कोठडीतली कुठलीही व्यक्ती, यांना उत्पन्न न पाहता विधी सेवा मिळते. तालुका न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी करमाळ्याला, विधी सेवा समिती असते. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

तीन. आपल्या घरातलं कुणी उचललं गेलं, तर आधी वेळ लिहून ठेवा. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करणं, घरच्यांना कळवणं, अटकेचं कारण सांगणं आणि वैद्यकीय तपासणी करणं बंधनकारक आहे. डी. के. बसू निकालाने घालून दिलेले हे नियम आता बहुतांश कायद्यात आले आहेत. मारहाण झाली असेल तर पहिल्याच हजेरीला मॅजिस्ट्रेटला तोंडाने सांगा आणि नोंद करून घ्या. नंतर सांगितलं तर 'वकिलाने शिकवलं' म्हणतात. पोलिसांपुढची कबुली सर्वसाधारण कायद्यात पुरावा ठरत नाही, हेही मुलांना माहीत असू द्या.

चार. तपासणीचे कागद, फोटो, औषधाच्या चिठ्ठ्या फेकू नका. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते. त्यानंतर आयोग ती घेत नाही.

पाच. परदेशात असलेल्या नातेवाइकावर अशी वेळ आली, तर त्याला सांगा की मुलाखतीत घाईने तारखा ठोकून देऊ नको. आठवत नाही तर आठवत नाही म्हण. छळाची वैद्यकीय तपासणी माग. बाई असेल तर महिला अधिकारी आणि महिला दुभाषी माग. मागितलं नाही तर कुणी आपणहून देईलच असं नाही.

आणि मोबाईलवर 'सगळ्यांना हाकला' असा मेसेज आला, तर पुढे पाठवायच्या आधी एवढंच विचारा की यांचं कुणी ऐकून घेतलं का? सरकारला सीमा राखायचा हक्क आहे, तो कुणी नाकारत नाही. ऐकून घेतल्यावर ज्याला खरोखर धोका नाही, त्याला कायद्याने परत पाठवता येतं. पण न ऐकता पाठवणं हा कुठल्याही सरकारचा हक्क होऊ शकत नाही.

येत्या २६ जूनला आपल्या मदरशात, शाळेत, मोहल्ल्याच्या बैठकीत यावर पंधरा मिनिटं बोलता येईल. आपल्या खासदाराला एक पत्र लिहिता येईल: छळविरोधी कराराला मंजुरी द्या आणि छळाविरुद्ध कायदा करा. पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं. त्यावर शेजारच्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती भावांच्याही सह्या घ्या. कोठडीतून मुलाचं प्रेत परत आलं तर कुठल्याही आईचं दुःख सारखंच असतं.